अप्रतिहत भाला, अभेद्य ढाल

कशानेही न थांबणारे बळ कशानेही न हलणाऱ्या वस्तूवर आदळले तर काय होईल, हा प्रश्न ऐकताक्षणी भौतिकशास्त्राचा वाटतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात लगेच प्रचंड टकरीचे चित्र उभे राहते. त्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. हा प्रश्न जन्मला राज्यशास्त्राच्या चर्चेत, वाढला ईश्वराच्या सामर्थ्याविषयीच्या वादांत, आणि त्याचे सर्वांत गंभीर रूप विसाव्या शतकात भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले. टकरीत काय घडते हे शोधणे हा त्याचा मूळ हेतू नव्हता. दोन अमर्याद दावे एकाच जगात एकाच वेळी खरे असू शकतात का, आणि नसतील तर मर्यादा कोणी स्वीकारायची, हा त्याचा गाभा आहे.

या प्रश्नाची सर्वांत जुनी आणि सर्वांत नेटकी मांडणी चीनमधील आहे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात, परस्परांशी सतत लढणाऱ्या राज्यांच्या काळात, हान राज्याच्या राजघराण्यात हान फेई नावाचा विचारवंत होऊन गेला, ज्याला बोलताना अडखळण्याची व्याधी होती, परंतु ज्याच्या लेखणीची धार समकालीनांना भीती वाटावी इतकी होती. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात छू राज्यातील एका शस्त्रविक्रेत्याचा दृष्टांत आहे. हा विक्रेता आधी आपल्या ढालीची वाखाणणी करतो की, तिला कोणतेही शस्त्र भेदू शकत नाही, आणि मग आपल्या भाल्याची वाखाणणी करतो की, तो कशालाही भेदू शकतो. तेव्हा एक जण विचारतो की, तुझ्या भाल्याने तुझ्याच ढालीवर वार केला तर काय होईल, आणि विक्रेत्याला उत्तर देता येत नाही. चिनी भाषेत विसंगतीला आजही ‘भाला-ढाल’ असाच जोडशब्द वापरला जातो, इतका हा दृष्टांत तिथे रुजला आहे.

दृष्टांत प्रसिद्ध झाला, पण तो ज्यासाठी सांगितला गेला तो संदर्भ बहुधा सांगितलाच जात नाही. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील पंडित याव आणि शुन या दोन प्राचीन राजांना एकाच वेळी आदर्श मानत. शुनविषयी अशी कथा होती की, शेतकरी एकमेकांच्या बांधावर अतिक्रमण करत असताना तो त्यांच्यात जाऊन शेती करू लागला आणि वर्षभरात बांध सरळ झाले. कोळी मासेमारीच्या जागांवरून भांडत होते, तो त्यांच्यात राहिला आणि वर्षभरात ते वडीलधाऱ्यांना जागा सोडू लागले. पूर्वेकडील कुंभारांची भांडी ठिसूळ होत, तो स्वतः चाकावर बसला आणि वर्षभरात भांडी पक्की होऊ लागली. हान फेई विचारतो की, त्या वेळी याव कोठे होता? तो सिंहासनावर होता. मग याव जर खरोखर सर्वज्ञ आणि निर्दोष राजा असेल, तर त्याच्या राज्यात सुधारण्यासारखे काही उरायलाच नको होते आणि शुनच्या थोरवीला वाव नव्हता. उलट शुनने खरोखर दोष दूर केले असतील, तर यावच्या कारभारात दोष होते. दोघांची परिपूर्ण स्तुती एकदम करता येत नाही.

त्याच ग्रंथात हा दृष्टांत पुन्हा एकदा येतो आणि तिथे तो अधिक खोल जातो. राज्य कशावर चालते, शासकाच्या व्यक्तिगत गुणांवर की त्याच्या पदाच्या अधिकारावर, हा तेथील वाद आहे. हान फेईचे म्हणणे असे की, सद्गुणाचे स्वरूपच असे मानले जाते की त्याला कोणी अडवू शकत नाही, आणि पदाच्या अधिकाराचे स्वरूप असे की तो कशालाही अडवू शकतो. म्हणून दोन्हींना एकाच वेळी सर्वोच्च मानणे म्हणजे तोच भाला आणि तीच ढाल एका दुकानात विकणे. त्याने स्वतः कायदा आणि अधिकार यांच्या बाजूने कौल दिला. त्या कौलाची किंमत काय असते हेही त्याच्या आयुष्यातच दिसून आले. ज्या छिन राज्याने त्याचे विचार उचलले, त्याच राज्याच्या तुरुंगात, एकेकाळी त्याच्याबरोबर एकाच गुरूकडे शिकलेल्या ली स या मंत्र्याच्या कारस्थानामुळे, इसवी सनपूर्व २३३ मध्ये त्याला विष घ्यावे लागले, असे सिमा छियेन या इतिहासकाराने नोंदवले आहे.

शस्त्रविक्रेत्याच्या दोन वाक्यांची तर्काच्या अंगाने तपासणी केली तर सगळी अडचण ‘कोणतेही’ आणि ‘कशालाही’ या शब्दांत साठलेली आढळते. ‘हा भाला कोणतीही ढाल भेदतो’ या विधानात समोर ठेवलेली ढालही येते, आणि ‘ही ढाल कोणताही भाला अडवते’ या विधानात शेजारचा भालाही येतो. म्हणून दोन्ही विधाने एकदम खरी असू शकत नाहीत. परंतु दोन्ही एकदम खोटी असू शकतात, आणि हे सहसा विसरले जाते. ॲरिस्टॉटलने विरोधाचे दोन प्रकार वेगळे केले होते: एका प्रकारात दोन विधानांपैकी एक खरे आणि दुसरे खोटे असलेच पाहिजे, तर दुसऱ्या प्रकारात दोन्ही खरी असू शकत नाहीत, पण दोन्ही खोटी असण्यास अडकाठी नसते. भाला आणि ढाल यांचा विरोध या दुसऱ्या प्रकारचा आहे. प्रत्यक्ष वार करून पाहिला आणि ढाल फुटली, तर ढालीविषयीचा दावा कायमचा बाद होतो. पण भाल्याविषयीचा दावा सिद्ध होत नाही, कारण जगातल्या इतर ढाली अजून शिल्लक असतात. अशा परीक्षेत एक दावा हरतो, दुसरा केवळ तात्पुरता वाचतो.

यातून मूळ प्रश्नाचे सरळ उत्तर मिळते. सर्व काही भेदणारा भाला एखाद्या जगात असू शकेल, आणि अभेद्य ढालही एखाद्या जगात असू शकेल. पण ज्या जगात पहिला आहे त्या जगात दुसरी नाही, कारण एकाचे असणे हाच दुसऱ्याच्या नसण्याचा पुरावा आहे. म्हणून ‘ते भेटले तर काय होईल’ या प्रश्नात ज्या जगाची हकिकत विचारली जाते, ते जगच संभवत नाही.

तरीही अशा जगाची कल्पना करायचीच असा आग्रह धरला तर काय होते, हे बाराव्या शतकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या तर्कज्ञांना माहीत होते. ‘ढाल फुटली’ आणि ‘ढाल फुटली नाही’ ही दोन्ही विधाने खरी मानली, तर पहिल्यावरून ‘ढाल फुटली किंवा चंद्र दह्याचा आहे’ असे म्हणता येते, कारण ‘किंवा’च्या एका बाजूचे विधान खरे असले की सबंध वाक्य खरे ठरते, आणि मग ढाल फुटली नाही हेही मान्य असल्याने उरलेली बाजू खरी मानावी लागते, म्हणजे चंद्र दह्याचा ठरतो. एक विसंगती आत घेतली की कोणतेही विधान सिद्ध करता येते, आणि जिथे सर्वच सिद्ध होते तिथे सिद्धतेला अर्थ उरत नाही. विसंगतीचा हा स्फोट रोखणारी तर्कपद्धती रचण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात पोलंडमधील स्तानिस्वाव याश्कोव्स्की आणि ब्राझीलमधील न्यूटन दा कोस्ता यांनी केले आणि ते महत्त्वाचे आहेत; मात्र त्या पद्धतीही भाल्याचा आणि ढालीचा निकाल देत नाहीत, त्या केवळ विसंगतीमुळे बाकीचे ज्ञान वाहून जाऊ नये एवढी तजवीज करतात.

भारतीय न्यायशास्त्राने या परिस्थितीला जवळचे असे एक नाव दिले आहे: सत्प्रतिपक्ष. हेत्वाभास म्हणजे वरवर कारण वाटणारे, पण प्रत्यक्षात अनुमान सिद्ध न करणारे कारण, आणि त्याच्या पाच प्रकारांत सत्प्रतिपक्षाची गणना होते. एक जण म्हणतो की शब्द नित्य आहे, कारण तो कानांनी ग्रहण होतो. दुसरा म्हणतो की शब्द अनित्य आहे, कारण तो घटाप्रमाणे निर्माण केला जातो. दोन्ही कारणे तोलामोलाची वाटत असतील, तोवर नैयायिक कोणताच निष्कर्ष मान्य करत नाही. दोन अनुमाने एकमेकांना रोखून धरतात आणि त्यांपैकी एक दुर्बळ असल्याचे दाखवले गेल्याशिवाय ज्ञान पुढे सरकत नाही. येथे टकरीची उत्सुकता नाही, तर कोणते कारण खरे आणि कोणते दिखाऊ, हे तपासण्याची शिस्त आहे, आणि या प्रश्नाकडे पाहण्याची तीच योग्य रीत म्हटली पाहिजे.

पुराणकथांना मात्र टकर टाळता येत नाही, आणि त्यांनी काढलेल्या वाटा विचार करण्यासारख्या आहेत. ग्रीक कथेत ट्युमेसस येथील एक राक्षसी कोल्हा थीब्ज नगरीला त्रास देतो, आणि त्याच्या नशिबी असे लिहिलेले असते की तो कधीच पकडला जाणार नाही. त्याच्यावर लायलॅप्स नावाचा कुत्रा सोडला जातो, ज्याच्या हातून कोणतेही सावज सुटणार नाही असे विधिलिखित असते. दोन्ही विधिलिखिते खरी ठरू शकत नाहीत, म्हणून झ्यूस दोघांनाही पाषाण करून टाकतो. भारतीय कथा ही वेळ येऊच देत नाहीत. महाभारतातल्या रामोपाख्यानात ब्रह्मदेव रावणादी बंधूंना वर मागायला सांगतो तेव्हा अमरत्व तेवढे वगळतो. हिरण्यकशिपूचे वरदान सर्वंकष भासते, पण ती प्रत्यक्षात अपवादांची लांबलचक यादी असते, आणि दिवस व रात्र, आत व बाहेर, मनुष्य व पशू यांच्या मधल्या फटीतून नरसिंह प्रकट होतो. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन यांची अस्त्रे समोरासमोर येतात, तेव्हा नारद आणि व्यास मध्ये उभे राहतात आणि अस्त्रे आवरायला सांगतात. ग्रीक कथाकार निर्बंध विधिलिखित दोघांना देऊन बसतो आणि मग त्याला कथाच थांबवावी लागते. भारतीय कथाकार वर देतानाच त्यात मर्यादा शिवून ठेवतो. दुसरी रीत अधिक शहाणपणाची आहे.

भौतिकशास्त्राच्या भाषेत हा प्रश्न आणला की आधी त्याचे शब्द दुरुस्त करावे लागतात. बळ ही कुठून कुठे धावत जाणारी वस्तू नव्हे. एका वस्तूने दुसरीवर केलेल्या क्रियेचे ते माप आहे. म्हणून ‘अप्रतिहत बळ’ म्हणजे ज्याचा वेग कशानेही बदलत नाही असा गतिमान पदार्थ, असा अर्थ घ्यावा लागतो. न्यूटनने १६८७ साली मांडलेल्या नियमांनुसार मोकळ्या वस्तूवर बाहेरून कितीही अल्प बळ लागले आणि त्याला काटशह देणारे दुसरे बळ नसले, तर तिच्या वेगात बदल होतोच. पृथ्वीचे वस्तुमान सुमारे सहावर चोवीस शून्ये इतके किलोग्रॅम आहे, तरी एखाद्या लहान अशनीच्या आघाताने तिच्याही गतीत, मोजता न येण्याइतका का होईना, फरक पडतो. अचल राहण्यासाठी वस्तुमान अनंत लागेल, आणि अनंत वस्तुमानाचे गुरुत्वाकर्षण इतर कशालाच जागेवर राहू देणार नाही. पूर्णपणे ताठ, तसूभरही न दबणारी वस्तूही संभवत नाही, कारण पोलादी दांड्याच्या एका टोकाला मारलेला धक्का दुसऱ्या टोकाला सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने पोहोचतो, तर पूर्णपणे ताठ वस्तूत तो तत्क्षणी पोहोचला पाहिजे, आणि प्रकाशापेक्षा वेगाने कोणताही परिणाम पोहोचत नाही असे १९०५ नंतरचे सापेक्षतेचे शास्त्र सांगते.

याहून लक्षणीय गोष्ट गॅलिलिओच्या विचारातून निघते. एकसमान वेगाने चालणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीत बसलेल्या माणसाला जहाज चालते आहे की थांबलेले आहे हे कोणत्याही प्रयोगाने कळू शकत नाही, हे त्याने १६३२ च्या ग्रंथात समजावले होते; म्हणजे स्थिर असणे आणि एकसमान गतीत असणे यांत मूलभूत भेद नाही, तो पाहणाऱ्याच्या स्वतःच्या गतीवर अवलंबून असतो. हे मान्य केले की अचल वस्तू आणि अप्रतिहत वस्तू या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी उरत नाहीत. दोहोंचा गुण एकच: त्यांचा वेग कोणीही बदलू शकत नाही. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला जी अचल दिसेल, तीच वस्तू पुढे सरकणाऱ्या निरीक्षकाला अप्रतिहत दिसेल. अशा दोन वस्तू समोरासमोर आल्या, तर दोघींचा वेग अबाधित ठेवणारी एकच शक्यता तर्काला उरते, ती म्हणजे परस्परांवर काहीही क्रिया न करता एक दुसरीतून आरपार निघून जाणे. ही कल्पना अगदीच अद्भुत नाही. सूर्यातून येणारे न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण पृथ्वीवर दर चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला सुमारे ६५०० कोटी या संख्येने आरपार जातात आणि त्यांतला क्वचितच एखादा वाटेत अडतो. वातावरणात निर्माण झालेल्या अशाच न्यूट्रिनोंच्या खुणा १९६५ साली कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह टिपल्या होत्या. परंतु भाला आणि ढाल यांच्या कोड्याला ही पळवाट लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. कारण आरपार जाणे हेच तेथे ढालीच्या पराभवाचे लक्षण आहे. कोडे किती कठीण आहे हे दाव्यातल्या नेमक्या शब्दांवर ठरते.

निसर्गात प्रत्यक्षात आढळतात ते फार मोठे, पण मर्यादित असे प्रतिस्पर्धी. भारतीय उपखंडाचा भूपट्ट एकेकाळी वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे सरकत होता. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो युरेशियाच्या भूपट्टाला भिडला, तेव्हा तो थांबला नाही आणि युरेशियाही जागचा पूर्ण ढळला नाही. वेग मंदावून आज वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटरवर आला आहे, मधला खडक चुरगळून हिमालय उभा राहिला आहे आणि तिबेटखालील कवच जवळजवळ ७० किलोमीटर, म्हणजे नेहमीच्या सुमारे दुप्पट जाड झाले आहे. दोन मर्यादित बळे भिडतात तेव्हा दोन्ही बदलतात, हा निसर्गाचा अनुभव आहे. अमर्यादतेचा दावा केवळ विचारांच्या आणि शब्दांच्या जगात केला जातो.

त्या जगात सर्वांत मोठा दावा ईश्वराच्या सर्वशक्तिमत्तेचा. सर्वशक्तिमान ईश्वर स्वतःलाही उचलता येणार नाही असा दगड निर्माण करू शकेल का, हा प्रश्न त्याच कोड्याचे दुसरे रूप आहे, कारण येथे अप्रतिहत बळ आणि अचल वस्तू दोन्ही एकाच कर्त्याच्या पोटात आहेत. करू शकत असेल तर तो दगड त्याला उचलता येत नाही, आणि करू शकत नसेल तर निर्मितीतच तो उणा पडतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने सर्वशक्तिमत्तेची व्याप्ती ठरवून या प्रकारच्या आक्षेपांना उत्तर दिले: ज्यात अंतर्विरोध आहे ते मुळात करण्यासारखे काही नसतेच, म्हणून ते न करणे ही उणीव ठरत नाही. देकार्तने सतराव्या शतकात उलट टोकाची भूमिका घेतली की, गणिताची आणि तर्काची सत्येही ईश्वरानेच घडवली आहेत आणि तो त्यांना बांधील नाही. १९६३ साली जॉर्ज मॅव्ह्रोडिस या अमेरिकी तत्त्वज्ञाने अक्वायनसचाच धागा पुढे नेला, तेव्हा पुढच्याच वर्षी हॅरी फ्रँकफर्टने एक मार्मिक टिपण लिहिले: ज्याला तर्काच्या दृष्टीने अशक्य असे एक काम करता येते, त्याला दुसरेही करता येईल, तो न उचलता येणारा दगड निर्माण करील आणि मग तो उचलेलही. हे उत्तर चतुर आहे, पण ते देताना तर्काचे राज्य सोडावे लागते, आणि ते सोडले की ईश्वराविषयी काहीही म्हणता येते, म्हणजे काहीच म्हणता येत नाही. अक्वायनसचे उत्तर अधिक टिकाऊ आहे, कारण ते सामर्थ्याला मर्यादा घालून त्याचा अर्थ वाचवते.

राज्यघटनांच्या चर्चेत ईश्वराच्या जागी सार्वभौम संसद येते आणि कोडे पुस्तकातून बाहेर पडते. ब्रिटिश संसदेविषयी जुना सिद्धान्त असा की, ती कोणताही कायदा करू शकते. मग जो पुढील कोणत्याही संसदेला रद्द करता येणार नाही असा कायदा ती करू शकते का? १८०० साली आयर्लंडशी झालेल्या एकीकरणाच्या कायद्यात दोन्ही देशांचे संयुक्त चर्च कायमचे राहील असे लिहिले होते. १८६९ साली त्याच संसदेने आयर्लंडमधील चर्चचा राजमान्य दर्जा काढून घेतला, आणि ‘कायमचे’ या शब्दाला काय वजन असते ते दिसले. कायद्याचे तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ मध्ये हा गुंता असा सोडवला की, अमर्याद सत्तेचे दोन अर्थ संभवतात: एका अर्थी सत्ता दररोज अखंड राहते, म्हणून ती स्वतःला बांधू शकत नाही; दुसऱ्या अर्थी ती स्वतःलाही बांधू शकते, म्हणून एकदा बांधल्यावर अखंड राहत नाही. दोन्ही अर्थ एकदम घेता येत नाहीत, आणि कोणता घ्यायचा हे तर्क ठरवत नाही, त्या देशाची व्यवस्था ठरवते. नाझी राजवटीचा अनुभव घेतलेल्या जर्मनीने १९४९ च्या घटनेतच तो निर्णय करून टाकला: मानवी प्रतिष्ठा आणि लोकशाही संघराज्याची मूलतत्त्वे यांना धक्का लावणारी दुरुस्ती कोणत्याही बहुमताने करता येणार नाही, असे कलम ७९ मध्ये लिहिले गेले.

भारताच्या राज्यघटनेत असा स्पष्ट निर्णय नव्हता. कलम १३ सांगत होते की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारा कोणताही कायदा राज्याला करता येणार नाही. कलम ३६८ संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार देत होते आणि त्यात कोणत्याही भागाचा अपवाद केलेला नव्हता. २६ जानेवारी १९५० रोजी ही दोन्ही कलमे एकाच ग्रंथात शेजारी आली. परस्परविरोधी वचने समोरासमोर येत नाहीत तोवर शांतपणे नांदू शकतात, पण येथे तो काळ फारच थोडा टिकला. पुढच्याच वर्षी जमीनसुधारणांच्या निमित्ताने पहिली घटनादुरुस्ती झाली आणि वाद न्यायालयात गेला. १९५१ मध्ये आणि पुन्हा १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला की, घटनादुरुस्ती हा कलम १३ च्या अर्थाने ‘कायदा’ नव्हे, म्हणून भाला श्रेष्ठ. मात्र १९६५ च्या सज्जनसिंह खटल्यात न्यायमूर्ती मुधोळकर यांनी घटनेचे एखादे मूलभूत वैशिष्ट्य बदलणे ही दुरुस्ती म्हणता येईल का, असा प्रश्न नोंदवून ठेवला. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात ११ न्यायमूर्तींनी ६ विरुद्ध ५ अशा निसटत्या बहुमताने उलट निर्णय दिला की, दुरुस्ती हाही कायदाच, म्हणून ढाल श्रेष्ठ. १९७१ मध्ये संसदेने चोविसावी दुरुस्ती करून भाल्याला पुन्हा धार लावली. सत्प्रतिपक्षाचे याहून स्पष्ट उदाहरण दाखवणे कठीण. दोन तुल्यबळ कारणे एकमेकांना वीस वर्षे रोखून होती.

केरळमधील एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती यांच्या याचिकेवर १३ न्यायमूर्तींच्या पीठापुढे ६८ दिवस सुनावणी झाली. याचिकाकर्त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला आणि केरळ सरकारच्या बाजूने एच. एम. सीरवाई हे मुंबईच्या वकिलीतले दोन दिग्गज समोरासमोर उभे होते. एका बाजूचे म्हणणे, दुरुस्तीचा अधिकार अमर्याद मानला तर त्याच अधिकाराने घटना मोडूनही टाकता येईल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, पुढील पिढ्यांचे हात कायमचे बांधण्याचा हक्क कोणालाच नाही. दोन्ही भीती खऱ्या होत्या आणि म्हणूनच तो खटला इतका मोठा आहे. २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ अशा बहुमताने आलेल्या निकालाने दोघांपैकी एकाला पूर्ण विजयी केले नाही. संसद मूलभूत हक्कांसह कोणत्याही कलमात दुरुस्ती करू शकते, म्हणजे ढाल संपूर्ण अभेद्य नाही. परंतु घटनेची मूलभूत चौकट ती मोडू शकत नाही, म्हणजे भालाही सर्वभेदी नाही. दोन विधाने एकदम खरी असू शकत नाहीत, पण दोन्ही खोटी असू शकतात, हा ॲरिस्टॉटलने दाखवलेला मार्ग न्यायालयाने प्रत्यक्षात चोखाळला. या मूलभूत चौकटीत नेमके काय येते हे त्या दिवशी पूर्णपणे ठरले नाही आणि ते प्रकरणागणिक ठरवावे लागते, ही या तोडग्याची अडचण खरी आहे. तरीही, दोन अमर्याद दाव्यांपैकी एकाला आंधळेपणाने निवडण्यापेक्षा दोन्हींच्या सीमा आखणे हाच त्या कोड्याचा राजकारणातला एकमेव प्रामाणिक उलगडा होता.

आणीबाणीत, १९७६ साली, बेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम ३६८ मध्ये दोन नवी उपकलमे घातली गेली: घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, आणि संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकारावर कोणतीही मर्यादा नसेल. हा दगडाच्या कोड्याचा हुबेहूब अवतार होता, कारण येथे एक मर्यादित अधिकार स्वतःचाच वापर करून स्वतःला अमर्याद घोषित करत होता. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही उपकलमे एकमताने रद्द ठरवली, आणि मुख्य निकालपत्र सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिले, जे केशवानंद खटल्यात अल्पमतातील सहांपैकी एक होते. मर्यादित दुरुस्तीअधिकार हेच घटनेचे एक मूलभूत वैशिष्ट्य आहे, म्हणून त्या अधिकाराचा वापर करून ती मर्यादाच पुसून टाकता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. ती दोन्ही उपकलमे संसदेने औपचारिकरीत्या काढून टाकलेली नाहीत. घटनेच्या अधिकृत प्रतीत ती छापली जातात, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरवल्याची तळटीप त्यांच्याखाली असते.